एमएच ०९ ते केए २२ : एका जुन्या सिएराचे नऊ महिने

सप्टेंबर २०२४ मध्ये, अनंत चतुर्दशी झाल्यावर दोन दिवसांनी, मी घरात सांगितले की मला एक जुनी गाडी घ्यायची आहे आणि ती रोज चालवण्यासाठी नाही. बेळगावच्या उद्यमबागेत माझा टर्निंगचा छोटा कारखाना आहे. लेथवर हात बसलेला असल्यामुळे यंत्राची भीती मला कधी वाटली नाही. भीती होती ती कागदांची. आमच्या भागात एकाच गल्लीत एमएच ०९ (कोल्हापूर), केए २२ (बेळगाव), केए २३ (चिकोडी) आणि गोव्याच्या पासिंगच्या गाड्या शेजारी शेजारी उभ्या असतात, पण एका राज्याची गाडी दुसऱ्या राज्यात रीतसर आपल्या नावावर कशी करून घ्यायची, हे विचारले तर दहा जण दहा वेगवेगळी उत्तरे देतात. मी सगळी वाट स्वतः चालून पाहिली. सप्टेंबर २०२४ ते मे २०२५ असे नऊ महिने त्यात गेले. त्यांची हकीकत तारखा आणि खर्चासह लिहून ठेवतो आहे.

पुढे मोल येऊ शकेल अशी गाडी म्हणजे कोणती, याचा विचार मी आधी काही आठवडे केला. फियाट पद्मिनी आणि कॉन्टेसा यांना आता मागणी आलेलीच आहे. निपाणीच्या एका तंबाखू व्यापाऱ्याच्या वाड्यातली कॉन्टेसा मी पाहिली, पण तिची किंमत ऐकून परत आलो. मारुती ८०० डिसेंबर १९८३ पासून २०१४ पर्यंत तयार होत राहिली, त्यामुळे तिच्या शेवटच्या काळातल्या गाड्या अजून मुबलक आहेत आणि अगदी सुरुवातीच्या चौकोनी गाड्या मिळणे फार कठीण आहे. १९९३ साली आलेल्या पहिल्या गोल बांध्याच्या झेनवर माझे मन काही काळ रेंगाळले. अखेर मी टाटा सिएरावर थांबलो. १९९१ मध्ये पुण्याच्या कारखान्यातून बाहेर पडलेली ही गाडी टाटामोबाइल पिकअपच्या सांगाड्यावर बेतलेली, तीन दरवाजांची, मागच्या बाजूला छतापर्यंत वळत गेलेल्या मोठ्या अचल काचांची. तशी रचना त्याआधी आपल्या रस्त्यांवर नव्हती आणि नंतरही कोणी केली नाही. थोड्याच वर्षांत बंद पडलेली, आपल्या माणसांनी आखलेली आणि दुरून ओळखू येणारी गाडी जपून ठेवण्यासारखी असते, असे मला मनापासून वाटते.

दुसरे कारण व्यवहाराचे होते. सिएराचे १९४८ सीसीचे डिझेल इंजिन सुरुवातीच्या सुमोलाही बसवलेले होते, आणि सुमो आमच्या जिल्ह्यात खेडोपाडी फिरलेली असल्याने त्या इंजिनाचे सुटे भाग अजून मिळतात. न मिळाले तर करून घेता येतात. काचा, रबर बीडिंग, दिव्यांची भिंगे, डॅशबोर्डची बटणे यांचे मात्र तसे नाही. म्हणून अशी गाडी घेणाऱ्याला मी एकच क्रम सांगेन : आधी पत्रा पाहा, मग काचा, मग कागद, आणि इंजिन सर्वांत शेवटी. बहुतेक लोक, आणि बहुतेक मेस्त्रीही, नेमका उलट क्रम लावतात.

पत्र्याचा धडा मला ऑक्टोबरमध्ये सावंतवाडीजवळ मिळाला. तिथली सिएरा लांबून सुरेख दिसत होती, नवा लाल रंग, चकचकीत बंपर. मी लोहचुंबकाचा छोटा तुकडा पातळ फडक्यात गुंडाळून बरोबर नेला होता. दरवाजाखालच्या पट्टीवर तो ठेवला तर चिकटेना, कारण तिथे पत्राच उरला नव्हता, सगळी पुट्टी भरलेली होती, जिला आमच्याकडचे पेंटर लांबी म्हणतात. पायाखालचे मॅटिंग उचलले तेव्हा एका ठिकाणी खालची जमीन दिसली. कोकणातली आणि गोव्यातली खारी दमट हवा, तसाच आमच्याकडचा खानापूर, जांबोटी, कणकुंबीचा पाऊस, हे पत्र्याचे शत्रू आहेत. त्या दिवसापासून मी ठरवले की गाडी शोधायची ती पूर्वेकडे, चिकोडी, रायबाग, अथणी, जत या कोरड्या पट्ट्यात, किंवा निदान घाटमाथ्यापासून दूर. त्याच मॉडेलची, त्याच वर्षाची गाडी दीडशे किलोमीटर पूर्वेला दहा वर्षे तरुण सापडू शकते. किंमत थोडी जास्त पडली तरी द्यावी. गंजलेला पत्रा बदलण्याचा खर्च त्याहून कितीतरी मोठा असतो आणि बदललेला पत्रा मूळ पत्रा नसतो.

२४ नोव्हेंबरच्या रविवारी गडहिंग्लजला एका निवृत्त व्यापाऱ्यांच्या घरी मी १९९६ सालची पांढरी सिएरा पाहिली. एकच मालक, वय ८१, नऊ वर्षांपासून गाडी पत्र्याच्या शेडमध्ये, सणावाराला सुरू करून अंगणात फिरवलेली. डाव्या मागच्या काचेला तडा होता, टायर कडक झाले होते, पण मॅटिंगखाली कारखान्याचा मूळ रंग शाबूत होता. काकांनी कपाटातून एक प्लॅस्टिकची पिशवी काढली. तिच्यात १९९६ चे मूळ बिल, सर्व्हिसच्या पावत्या आणि आरसी बुक होते. “कागद एकबी टाकला न्हाई,” ते म्हणाले. त्या बिलाचे महत्त्व तेव्हा मला कळले नव्हते. चार महिन्यांनी कर भरताना कळले.

८ डिसेंबरला मी आमच्या मेस्त्रींना घेऊन पुन्हा गेलो. त्यांनी थंड इंजिन सुरू करून धूर पाहिला, रेडिएटरमध्ये तेलाचा तवंग आहे का ते पाहिले, मागचे कमानपाटे आणि चॅसिसच्या वेल्डिंगचे सांधे तपासले. किंमत १,८५,००० रुपयांवर ठरली आणि मी १०,००० रुपये इसार दिला. इसाराच्या कागदावर एक वाक्य आवर्जून लिहून घेतले होते : गाडी दुसऱ्या राज्यात नेण्यासाठी लागणारा ना हरकत दाखला न मिळाल्यास इसार परत. मोबाइलवरच्या परिवहन ॲपमध्ये गाडीचा क्रमांक टाकून नोंदणीची मुदत, थकीत दंड आणि बोजा (गाडीवरच्या कर्जाची नोंद) हे तीनही इसारापूर्वी पाहायला हवे होते. मी ते घरी आल्यावर रात्री पाहिले, आणि बोजाच्या रकान्यात एका पतसंस्थेचे नाव दिसले.

काकांनी कर्ज १९९९ मध्येच फेडले होते, परंतु आरसीवरचा बोजा उतरवायचा राहून गेला होता. बँकेचा किंवा पतसंस्थेचा दाखला आणि नमुना ३५ दिल्याखेरीज ती नोंद निघत नाही, आणि नोंद असेपर्यंत कर्ज देणाऱ्याच्या संमतीखेरीज दुसऱ्या राज्यासाठी ना हरकत मिळत नाही. ती पतसंस्था पुढे दुसऱ्या एका बँकेत विलीन झालेली होती. १६ डिसेंबरपासून काकांचे चिरंजीव आणि मी आळीपाळीने त्या बँकेत जात राहिलो. जुनी खातेवही कोणत्या शाखेत आहे हेच प्रथम कोणाला सांगता येईना. या पाच आठवड्यांत व्यवहार सोडून द्यावा असे मला दोनदा वाटले, कारण दुसऱ्याच्या राहून गेलेल्या कामासाठी आपण कोणाच्या पाया पडत आहोत, हा विचार मनाला खात होता. शेवटी काकांच्या पिशवीतल्या शेवटच्या हप्त्याच्या पावतीची प्रत जोडून लेखी अर्ज दिला, त्याची पोच घेतली, आणि २१ जानेवारी २०२५ ला विलीनीकरणाच्या उल्लेखासह दाखला हाती आला. तोंडी विचारण्यात महिना गेला आणि लेखी अर्जावर आठ दिवसांत काम झाले, एवढे वाचकांनी लक्षात ठेवावे.

बोजा ४ फेब्रुवारीला उतरला. ६ फेब्रुवारीला कोल्हापूरच्या कार्यालयासाठी नमुना २८ मध्ये ना हरकतीचा ऑनलाइन अर्ज केला. इथे एक अडचण येऊ शकते ती आधीच दूर करावी : ओटीपी मूळ मालकाच्या आधारशी जोडलेल्या मोबाइलवर जातो, आणि वयस्कर माणसांचे जुने क्रमांक बहुधा बंद झालेले असतात. काकांचा क्रमांक आम्ही डिसेंबरमध्येच आधार केंद्रात बदलून घेतला होता. अर्जासोबत आरसी, विमा, पीयूसी, चॅसिस क्रमांकाचा पेन्सिल प्रिंट (क्रमांकावर कागद ठेवून पेन्सिलने उमटवलेला ठसा), आणि राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या संकेतस्थळावरून काढलेला, गाडी चोरीच्या नोंदीत नसल्याचा अहवाल जोडला. चॅसिस क्रमांकावर तीस वर्षांचा मळ आणि रंग बसला होता. तो डिझेलने भिजवून, कापडाने आणि मऊ ब्रशने साफ करावा. ग्राइंडर किंवा जाड पॉलिश पेपर कधीही लावू नये, कारण अक्षर थोडे जरी घासले गेले तरी क्रमांकाशी छेडछाड झाल्याचा संशय येतो. २४ फेब्रुवारीला दाखला मिळाला.

१ मार्चला उरलेले १,७५,००० रुपये बँकेतून पाठवले. ताबा घेतल्याच्या कागदावर तारखेबरोबर वेळही लिहिली, दुपारी सव्वाबारा, आणि दोघांनी सह्या केल्या. नोंदणीत ज्याचे नाव तोच कायद्याने मालक समजला जातो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलेले आहे. म्हणजे वाटेत माझ्या हातून अपघात झाला असता तर भरपाईसाठी नोटीस काकांना आली असती. म्हणून विमा त्याच सकाळी काढला होता. १५०० सीसीवरील खासगी मोटारीचा तृतीय पक्ष विमा वर्षाला ७,८९७ रुपये आहे, वस्तू व सेवा कर धरून ९,३१८. गाडी निघाली तेव्हा काका दारातच थांबले, रस्त्यावर आले नाहीत. संकेश्वरला महामार्गाला लागलो, हत्तरगीचा टोल ओलांडला आणि ताशी पन्नासच्या पुढे न जाता संध्याकाळपूर्वी बेळगावात पोचलो. त्या साठ-पासष्ट किलोमीटरांत माझे कान फक्त इंजिनाकडे होते.

आता कर्नाटकाची बाजू. मोटार वाहन कायद्याच्या ४७ व्या कलमाप्रमाणे दुसऱ्या राज्याची गाडी बारा महिन्यांपेक्षा अधिक काळ ठेवायची असेल तर नवा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो, आणि ५० व्या कलमाप्रमाणे खरेदीदाराने मालकी बदलाचा अर्ज तीस दिवसांत करायचा असतो. मी १० मार्चला दोन्ही अर्ज एकत्र केले : नव्या क्रमांकासाठी नमुना २७, मालकीसाठी २९ आणि ३०. विक्रेत्याच्या सह्या असलेले नमुने एकेक प्रत जास्तीचे घेऊन ठेवले होते, त्याचा उपयोग झाला, कारण एका प्रतीवर तारीख खोडलेली होती आणि ती चालली नाही. सूचना फलक कानडीत असले तरी अर्ज इंग्रजीत भरता येतात. ज्यांना कानडी वाचता येत नाही त्यांनी वाचणारा सोबती न्यावा. एका एजंटाने या सगळ्यासाठी १८,००० रुपये सांगितले होते. वेळ नसलेल्याने एजंट करावा, त्यात कमीपणा नाही, परंतु मूळ कागद त्याच्याकडे ठेवण्यापूर्वी प्रत्येक पानाची स्कॅन प्रत आपल्याजवळ असू द्यावी.

२७ मार्चला तपासणी झाली. मोटार वाहन निरीक्षकाला आमच्याकडे अजूनही ब्रेक इन्स्पेक्टर म्हणतात. त्यांनी चॅसिस आणि इंजिन क्रमांक, दिवे, हॉर्न, हँडब्रेक, वायपर पाहिले. आदल्या रात्री डावा इंडिकेटर बंद पडला होता आणि मी पहाटे उठून त्याची वायर बदलली होती, त्यामुळे मन धास्तावलेले होते. तपासणी वीस मिनिटांत आटोपली. निघताना त्यांनी बॉनेट बंद करून काचेवरून हात फिरवला आणि कानडीत म्हणाले, ही गाडी विकू नका.

त्यानंतर आयुष्यभराचा कर आला. तो गाडीच्या मूळ किमतीवर आणि वयावर ठरतो, आणि काकांनी जपलेले १९९६ चे बिल इथे कामी आले. आकारणीला वादाला जागाच उरली नाही. मला उपकरासह २१,४०० रुपये भरावे लागले. १५ एप्रिलला केए २२ मालिकेतला नवा क्रमांक मिळाला आणि आरसी कार्ड टपालाने १२ मे रोजी आले. एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांनाही कर्नाटकात उच्च सुरक्षा नोंदणी पाट्या सक्तीच्या असल्याने त्या ऑनलाइन मागवल्या आणि मेच्या अखेरीस बसवून घेतल्या, खर्च ७०० रुपये. नवा क्रमांक विमा कंपनीला कळवून पॉलिसीत दुरुस्ती करून घ्यायला विसरू नये.

या टप्प्यावर मला झालेले दुःख लिहायलाच हवे. जपून ठेवण्याच्या गाडीवर तिचा पहिला क्रमांक असणे ही मोलाची गोष्ट असते, आणि सीमा ओलांडली की तो जातो. माझ्या गाडीचा एमएच ०९ चा क्रमांक अठ्ठावीस वर्षांचा होता. म्हणून संग्रहासाठी गाडी घेणाऱ्याने शक्यतो आपल्याच राज्याच्या पासिंगची शोधावी, असे मी म्हणेन. केए २२ किंवा केए २३ ची तशीच सिएरा मिळाली असती तर मी दहा-वीस हजार अधिक दिले असते, करही वाचला असता आणि चार महिनेही. जुन्या पाट्या मी काढून स्वच्छ पुसल्या. एक कारखान्याच्या भिंतीवर आहे. दुसरी पिशवीत घालून गडहिंग्लजला नेली. काकांनी ती हातात घेतली, चष्मा लावून क्रमांक मोठ्याने वाचला, आणि देवघराशेजारच्या कोनाड्यात उभी करून ठेवली.

दुरुस्तीबद्दल थोडक्यात. तडा गेलेली मागची काच हे सर्वांत मोठे काम ठरले. पुण्यातले आणि कोल्हापुरातले जुन्या सामानाचे व्यापारी पालथे घातले. शेवटी मिरजेजवळ भंगारात निघालेल्या एका सिएराची काच १४,००० रुपयांना मिळाली आणि ती दोन गोधड्यांत गुंडाळून मागच्या सीटवर आणली. तिच्या रबरांना ६,५०० लागले. इंजिन, क्लच, ब्रेक मिळून ३८,००० झाले, आणि बुशिंग मी माझ्याच लेथवर केली. टायर २७,०००. फुटबोर्डाखालची थोडी पत्रेकामे आणि बाहेरचा रंग ६२,०००. आतला मूळ रंग मात्र कोणालाही हात लावू दिला नाही. फीच्या किरकोळ पावत्या २,५०० च्या आसपास. गाडीच्या किमतीसह एकूण ३,६६,४१८ रुपये. उद्या ती किती रुपयांना विकली जाईल हे मला ठरवता येणार नाही, आणि व्याजाचा हिशेब केला तर मुदत ठेव सोपी पडली असती. नोव्हेंबर २०२५ मध्ये टाटांनी सिएरा हे नाव नव्या गाडीला दिले तेव्हापासून महिन्याला दोन-तीन जण दारात चौकशीला येतात, पण चौकशी म्हणजे किंमत नव्हे. ज्याला पाच-सहा वर्षे ते पैसे लागणार नाहीत, त्यानेच ही वाट धरावी.

एक गैरसमज सर्वत्र ऐकू येतो, की जुनी गाडी “व्हिंटेज” म्हणून नोंदवली की कागदांच्या कटकटीतून सुटका होते. २०२१ च्या नियमांनुसार ती नोंद पन्नास वर्षे पूर्ण झालेल्या गाडीलाच मिळते. शुल्क २०,००० रुपये आणि मुदत दहा वर्षे. माझ्या गाडीला त्यासाठी २०४६ उजाडावे लागेल. तोपर्यंत ती सरकारी नियमांच्या दृष्टीने साधी जुनी मोटारच आहे आणि तिची नोंदणी दर पाच वर्षांनी नूतनीकरण करून घ्यावी लागते. नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये झाले होते. ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरील मोटारींसाठी ते १०,००० झाले आहे. मुदत उलटू दिली तर महिन्याला ५०० रुपये विलंब शुल्क वेगळे. गाडी विकत घेताना ही तारीख आरसीवर पाहून मगच भाव करावा.

पावसाळ्यात गाडी मी प्लॅस्टिकच्या ताडपत्रीत झाकली नाही, कारण तिच्याखाली घाम धरतो. शेडला दोन बाजूंनी वारा ठेवला, चाकांखाली फळ्या दिल्या आणि दर रविवारी अर्धा तास हिंडलग्यापर्यंत चालवून आणली. जुलैच्या झडीत नव्या रबराखालून थेंब आत येताना दिसले. ते रबर पुन्हा बसवून घेतले.

नोंदणीची मुदत १८ ऑगस्ट २०२६ ला संपते. नमुना २५ चा अर्ज साठ दिवस आधी करता येतो, म्हणजे जूनच्या तिसऱ्या आठवड्यात. त्याआधी उजव्या मागच्या चाकाचा ब्रेक सिलिंडर बदलायचा आहे आणि चॅसिस क्रमांक पुन्हा एकदा डिझेलने पुसून ठेवायचा आहे.